खालून सुटणारी पिशवी

"गो हंसे, नाक काय माहेरी ठेवून आलीस? बोंबील कुजले नि तू चा पितेस!"

सासू, म्हणजे आमची गोदूबाई, बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडीखालून ओरडली तेव्हा मी खरंच चा पीत होती. वास मलाही येत होता. पण कुजलेल्या बोंबलाकडे धावत जाऊन तो काय परत उठून बसणार हाय? पौषाचा महिना, आणि दोन दिवस पाऊस लागलेला. पौषात पाऊस! आमच्या मुरबे गावात असं कुणी ऐकलं नव्हतं. थंडीत उत्तरेचा वारा सुटायचा नि बांबूवर टांगलेला बोंबील खडखडीत वाळायचा, ही आमची रीत. हल्ली तीन-चार वर्षं वाऱ्यालाही रीत राहिली नाय नि आभाळालाही. कोण म्हणे देवीचा कोप, कोण म्हणे रेडिओवाल्यांनी आधी सांगायला पायजे होतं. सासूचं मत वेगळं होतं. सून आल्यापासून हे सुरू झालं, असं तिचं म्हणणं.

वर्षभर विकायचा सुका माल असा चिखलात गेला. शेजारची बायडी रडवेली होऊन आली. म्हणाली, "मी तर बोईसरच्या कंपनीत नाव देते. होळी झाली की कंत्राटदाराचा टेंपो येणार हाय. तू पण चल."

कंपनीतलं काम म्हणजे पावडर गोणीत भरायची. माझी मामेबहीण जात होती. तिच्या हाताची साल निघालेली नि जेवताना भातालाही तिला तोच वास यायचा. मला ते नको होतं. आपलं दार, आपली वलांडी, आपली शिवीगाळ सोडून मला कुणाच्या भोंग्यावर उठायचं नव्हतं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण भीती वाटली की माझं तोंड जास्त चालतं. मी छाती काढून बोलली, "बायडे, हातात कला असताना गोणी कशाला भरायची? आपण पिशव्या विणू!"

ही अक्कल माझी नव्हती. बोईसरच्या बाजारात माझं नेहमीचं गिऱ्हाईक होतं रत्नाबाई. नगरकडची बाई, नवरा कारखान्यात फिटर. माझ्या टोपलीवर जाळ्याच्या दोऱ्याची पिशवी बघून ती एकदा म्हणाली होती, "लई झ्याक हाय ओ. आमच्या मंडळातल्या समद्या बायांना अशा करून द्या की." तेवढ्यावर मी मनात दुकान टाकलं होतं.

बायडीने विचारलं, "होळीपर्यंत जमेल? नायतर मी जाते हां."

"जमेल म्हणजे? जाळं विणत मोठी झालीस ना?"

मग काय! माझ्या पडवीत पाच-सहा बाया बसल्या. नायलॉनचा उरलेला दोरा, लाकडी सुया, आणि तोंडं तर सगळ्यांना देवाने दिलेलीच. मी मास्तरीण. "आस बारीक ठेवा गो, कांदा निसटता कामा नये!" आस म्हणजे जाळ्याचं भोक. गोदूबाई उंबऱ्यावरून म्हणायची, "हिची आस मोठी हाय, ती कशी बारीक होणार?" बाया हसायच्या. मी पण हसायची, कारण हसलं नाय तर ती पुन्हा म्हणायची.

पिशव्या देखण्या झाल्या. हिरव्या, निळ्या, वर धरायला वेणीसारखे कान. माझा नवरा एकनाथ होडीवरून आला नि एक पिशवी उलटीपालटी करून बघितली. "बरी हाय," म्हणाला. त्या माणसाने आमच्या लग्नातही एवढंच म्हटलं होतं.

बाजाराच्या दिवशी सगळ्या पिशव्या रत्नाबाईच्या हवाली केल्या. ती खूश. तिथंच तिने आपली पिशवी भरली. कांदे, बटाटे, वांगी, वर कोथिंबिरीची जुडी. मी पुढ्यात मांदेली घेऊन बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, ती पिशवी बघा, आमीच केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रत्नाबाई चार पावलं गेली नि थांबली. पिशवीच्या बुडाशी एक दोरी लोंबत होती. बाईमाणसाला लोंबती दोरी दिसली की हात शिवशिवतो. तिने ती ओढली.

सर्रकन बूड उघडलं! कांदे एकीकडे, बटाटे दुसरीकडे, वांगी थेट गटारात. कारखान्यातले भय्ये "अरे पकडो, पकडो!" करत बटाट्यांमागे धावले. एक शेळी कोथिंबीर घेऊन शांतपणे निघून गेली. अख्खा बाजार हसत होता, नि रत्नाबाई रिकामी पिशवी धरून माझ्याकडे बघत होती.

"हंसाबाई, ह्याला बूडच न्हाय?"

"हाय ना," मी म्हटलं. "सोडायचं बूड हाय."

आता तुमीच सांगा, यात माझं काय चुकलं? आमचं डोलीचं जाळं असंच असतं. मासा वरून आत जातो, शेवटाला खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेपटीत साठतो, नि खोल्याचं तोंड दोरीने बांधलेलं असतं. होडीत घेतलं, दोरी ओढली, की म्हावरा खाली मोकळा. जन्मभर हात तेच शिकले. पिशवीचं बूड आलं नि सगळ्यांच्या हातांनी आपसूक तशीच सुटी गाठ मारली. मला तर ती फार हुशारीची वाटली होती. माल वरून भरायचा नि खालून काढायचा, जगाची रीत हीच असणार, असं मी धरून चालली होती. बाजारातून भाजी हातात धरून घरापर्यंत न्यायची असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाय.

घरी आल्यावर सासू इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी मीच दिलं.

बायडी मात्र हसली नाय. सुई खाली ठेवून म्हणाली, "मी कंत्राटदाराला नाव दिलं. तुझं पण सांगून ठेवलंय. रागवू नको." तिच्यावर रागावणार कशी? घरात तिची दोन पोरं. त्या रात्री मी माझे हात बघत बसली. एवढा पाणउतारा झाला तरी मला रडू आलं ते हातांच्या सालीसाठी. अशी मी शूर.

होळीच्या दोन दिवस आधी यष्टीतून रत्नाबाई उतरली. मी तिला लांबूनच ओळखलं नि वलांडीमागे लपली. बांबूमागे माझ्या अंगाचं माणूस किती लपणार?

"दिसताय ओ, हंसाबाई! या भाईर."

"पिशव्या परत घेते मी, रत्नाबाय," मी आधीच हात जोडले.

"परत? अवं, अजून पायजेत!" ती उंबऱ्यावर बसली. "त्या दिशी आमचे हे लई तापले. गटारातनं वाचल्याले कांदे त्याच पिशवीत कोंबले अन् टांगली खुंटीला. म्हणले, ही आता इथंच लटकंल. अन् काय सांगू, ह्या ढगाळीनं पोत्यातला कांदा समदा सडला, मोड आले, पाणी सुटलं. पिशवीतला मातुर ठणठणीत! चौफेर वारा लागतो. सयपाकाला खालची दोरी सोडायची, दोन कांदे हातात, पुन्ना गाठ. जुना कांदा आधी निघतो. आमच्या गावाकडं एवढी कांद्याची चाळ, पर हे कुणाला सुचलं न्हाय. तुमाला कसं सुचलं ओ?"

"विचार करून," मी म्हटलं.

आत गोदूबाई खोकली.

होळी झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टेंपो आला. भोंगा वाजला तेव्हा पडवीत पिशव्यांचा ढीग होता, पण बायडी उठून टेंपोकडे चालू लागली. ती ड्रायव्हरशी काहीतरी बोलली, हातवारे केले, नि परत येऊन मला म्हणाली, "बघत काय बसलीस? पिशव्या दे. रत्नाबायच्या वसाहतीवरूनच जातो म्हणतो तो. बाया नाय मिळणार म्हटलं, माल ने." मला एवढं बरं वाटलं की मी तिला मिठीच मारली. ती म्हणाली, "सोड, दोरे गुंततील."

माल एकटा पाठवायचा कसा? गोदूबाई नवं लुगडं नेसली, कंत्राटदाराच्या टेंपोत पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसली नि आमच्याकडे न बघता गेली.

संध्याकाळी यष्टीने परत आली ती ऐटीत. सगळ्या पिशव्या खपल्या होत्या, नव्या सांगितल्या होत्या, आणि वसाहतीतल्या बायांनी तिला खुर्चीवर बसवून चा पाजला होता.

"चा कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? त्या विचारत होत्या, ही खालून सोडायची अक्कल कुणाची. मी सांगितलं, माझी. सुनेला मीच शिकवलं."

या घरात चूल तिची, वलांडी तिची, पोरगाही तिचाच. माझी म्हणावी अशी एक चूक होती, तीही म्हातारीने नेली.