सहाव्या जागेवरचा आकडा

सकाळचे ऊन आधी दुकानाच्या काचेवर नुसते टेकले. मग घाई नसलेल्या पाहुण्यासारखे आत आले, समोरच्या भिंतीवरच्या फळीशी पोचले, पहिल्या टाइलवरच्या निळ्या तीनच्या पोटात उतरले, आठाच्या उतारावरून घसरून एकापाशी क्षणभर रेंगाळले. किल्ली कुलपात तशीच ठेवून तो काचेतून ते पाहत होता. ऊन सहाव्या टाइलवर आले आणि त्याचा चेहरा उतरला. तिथे चार हवा होता. सात होता.

घरांच्या क्रमांकांच्या टाइल्स भाजून विकणाऱ्या त्या दुकानात मांडणी त्याच्याकडे होती. नमुन्याचे दहा आकडे क्रमाने लावायची रीत मोडून त्याने ३८१६५४७२९० अशी ओळ लावली होती. फळीही हातभर सरकवली होती, रंगकामाच्या टेबलासमोर. तिथे ऊन चांगले पडते, असे त्याचे म्हणणे. मालकांनी, म्हणजे काकांनी, पुन्हा बालवाडीत नाव घालू का, असे विचारले होते. जरा वेगळे दिसावे म्हणून, एवढेच तो म्हणाला होता. काल काकांनी टाइल्स पुसून आठवतील तशा परत ठेवल्या असणार.

कुणाला काय कळणार आहे, असे पुटपुटत तो मागे भट्टी पेटवायला गेला.

परतला तेव्हा आकडे रंगवणारी मुलगी स्टुलावर उभी होती. एका हातात चार, दुसऱ्यात सात. तिच्या थट्टेला आजवर त्याने फक्त मान हलवून उत्तर दिले होते.

"काकांना सांग, पुसा हवं तेवढं, पण जागा बदलू नका," ती मागे न वळता म्हणाली. "सहाने भाग जात नव्हता."

हातातली काडेपेटी कुठे ठेवावी, हे त्याला सुचेना.

टाइल्स जागेवर लावून ती उजवीकडचे आकडे तळहाताने झाकत, एकेक उघडत गेली. पहिले दोन, अडतीस, त्यांना दोनने भाग जातो. तीनशे एक्क्याऐंशीला तीनने. चार आकडे घेतले की चारने, पाच घेतले की पाचने, असे थेट दहापर्यंत. आणि एकही आकडा दोनदा नाही. रंगात पाणी किती घालावे ते सांगावे, इतक्या सहज तिने हे सांगितले.

"कधी कळलं?"

"केव्हाच. वाटलं, तू सांगशील." ती खाली उतरली. "मग अशीच दुसरी शोधत बसले."

"दुसरी नाहीच. ही एकच आहे."

"हो, पण ते कळेपर्यंत घरभर कागद झाले. आईला वाटलं, पोरगी लॉटरीच्या नादी लागली."

तो हसला, अगदी मोकळ्या आवाजात. मागच्या दाराने आलेल्या काकांनी आतून विचारले, कोण गिऱ्हाईक आले आहे. तो आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

ते हात पुसत बाहेर आले. दोघांकडे पाहिले, मग फळीकडे.

"आता तरी खरं सांग. हे असं का लावलंस?"

"वेगळं दिसावं..." तो सवयीने म्हणू लागला आणि थांबला. ऊन शेवटच्या शून्यावर येऊन ठेपले होते. टेबलाशी ती ब्रश भिजवत होती, मान वर न करता, कान देऊन.

ती ओळ त्याने तिच्यासाठीच लावली होती.