मला दिसलं नाही म्हणून

मित्रांनो, जळगावातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीशेजारी बसलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक. अंबाल्याच्या कारखान्यात घडलो, पेंढा भरलेल्या खोक्यातून इथं आलो आणि क्षयाचे जंतू शोधण्यात डोळे झिजवले. एके काळी माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. मग धुळ्याला जंतूंची जनुकं ओळखणारं यंत्र आलं आणि माझ्यावर कापड पडलं ते पडलंच.

पुढे डॉक्टर मोहिनींनी संशोधन हाती घेतलं. एकाच रोग्याचा बेडका मी पाहायचा, धुळ्याच्या यंत्रानं पाहायचा आणि जंतू वाढवायच्या बाटलीतही घालायचा. मग तिन्ही उत्तरं जुळवायची. माझं कापड निघालं. काय सांगू, मी अगदी हरखून गेलो!

सावद्याचे शकीलभाई केळीच्या पॅकिंगचं काम करत. त्यांचा औषधांचा कोर्स संपत आला होता. लेक सितारा बाळंतपणाला माहेरी आलेली, नात झालेली, मंतशा. शकीलभाई ओट्यावर झोपत आणि तिला दारातूनच बघत. इथं तपासणीत काही निघालं नाही की तिला उचलून घ्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्यांच्या बेडक्याची काच माझ्याखाली आली. मी कोपरा न् कोपरा धुंडाळला, एकही जंतू नाही. धुळ्याचं यंत्र मात्र म्हणालं, आहेत. आमचे टेक्निशियन लीलाधरभाऊ म्हणाले, त्या यंत्राला मेलेल्या जंतूंचे तुकडेही सापडतात, घाबरायचं कारण नाही. बाटलीच्या उत्तराला तर अजून कित्येक आठवडे होते. बाहेर बाकावर शकीलभाई सावद्याच्या बसची वाट बघत होते. मी चुकलो असलो तर? घरी जाऊन ते आधी काय करतील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टर मोहिनींनी त्यांना आत बोलावलं. "भाई, इथं दिलेला बेडका छातीतून खोकून काढला होता ना?"

शकीलभाईंनी मान खाली घातली. "धुळ्याला गेला तो सकाळी घरी काढलेला, मॅडम. इथला... बसमध्ये खोकलो की लोक शेजारून उठून जातात. म्हणून गोळ्या चघळत, खोकला दाबत आलो. डबीत नुसती थुंकी पडली."

हात् तिच्या! आम्ही उत्तरं जुळवत बसलो होतो, आणि दोन डब्यांत एकच वस्तू नव्हतीच.

मागच्या मोकळ्या अंगणात त्यांनी पुन्हा डबी भरली. नवी काच आली, तेव्हा बघायचीही छाती होईना. निळ्या रंगात बारीक लाल कांड्या पसरल्या होत्या, तेच क्षयाचे जंतू.

"मग नातीला?" शकीलभाईंनी विचारलं.

"अजून नाही," डॉक्टर म्हणाल्या.

पुढे बाटलीतही जंतू वाढले. ते जिवंत होते. जुनी औषधं लागू पडली नव्हती, म्हणून शकीलभाईंना आता नवी सुरू आहेत.

मित्रांनो, माझी भिंगं पुसा, मला धुळीपासून जपा. पण मी 'दिसलं नाही' म्हणालो, तर मला काय दाखवलं होतं, तेही विचारा. आणि बसमध्ये कुणी खोकलं, तर त्याला रुमाल द्या, पण तोंड फिरवू नका.

लीलाधरभाऊ सांगत होते, मंतशा आता रांगते. नाना, म्हणजे तिचे आजोबा, दिसले की हसत उंबऱ्यापर्यंत येते, आणि शकीलभाई ओट्यावर मागे मागे सरकतात.