पान सत्तावन्न ते साठ

"सत्तावन्न ते साठ, ती चार पानं काढून टाका," लेखक फोनवर म्हणाले.

"सर, पुस्तक आज छपाईला जातंय."

"जाऊ दे. पण ती पानं नकोत." त्यांनी फोन ठेवला.

कारण विचारायची सोय नव्हती. पुस्तक विनोदी लेखांचं. हल्लीची लग्नं, हल्लीचे पाहुणे, फोटो काढल्याशिवाय घास न घेणारी माणसं. सत्तावन्नाव्या पानावर 'आमचं बहिरं रत्न', म्हणजे त्यांची मुलगी आणि तिचा मोबाईल. ती चार महिन्यांपूर्वी गेली. एकोणीस वर्षांची पोर, साध्या तापाचं निमित्त झालं.

माझ्यासमोर तिची आई, आमच्या वहिनी, बसल्या होत्या; फोनवरचं त्यांनीही ऐकलं होतं. माझी मुद्रितं तपासायची रीत जुनी आहे. समोरच्यानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविरामासकट, आणि मी छापील पानावर डोळा ठेवायचा. सरांच्या प्रत्येक पुस्तकाला वाचायला वहिनीच बसत आल्यात. विनोदी पुस्तक तपासताना हसू आलं, की समजावं, एखादी चूक निसटली.

"हा लेख काढायचा नाही," वहिनी म्हणाल्या.

"पुस्तक सरांचं आहे, वहिनी."

"आणि पोरगी? तिच्यावर छापलेलं जगात एवढंच आहे."

त्यांनी वाचायला घेतलं.

"'आमची कन्या दोन्ही कानांत मोबाईलचे बोळे घालून जेवायला बसते, स्वल्पविराम, तिला हाक मारणे म्हणजे बंद घरात पत्र टाकणे...' हे चुकलंय."

मी पान पाहिलं. "बरोबर आहे की."

"एकाच कानात घालायची. उजव्या. डावा माझ्यासाठी मोकळा ठेवायची. हे कायम तिच्या उजव्या हाताला बसायचे, यांना काय दिसणार?"

"म्हणजे तिला..."

"सगळं ऐकू जायचं. पाहुण्यांना हा लेख वाचून दाखवायचे, तेही. मग ताट उचलून आत यायची माझ्याकडे."

मागच्या वर्षी मासिकात येण्याआधी हा लेख मीच तपासला होता. 'चूक नाही' असं लिहून खाली सही केली होती. मला स्वतःची लाज वाटली. मी स्पीकर चालू करून सरांना फोन लावला आणि दुरुस्ती सांगितली.

ते म्हणाले, "तिनं कधी सांगितलं नाही मला."

"विचारलंत कधी?" वहिनी समोरूनच म्हणाल्या.

"तसं केलं तर विनोदच उरत नाही त्यात," सर मला म्हणाले. मग म्हणाले, "नाही उरला तर नाही. करा दुरुस्ती. राहू द्या पानं."

मी 'दोन्ही कानांत मोबाईलचे बोळे' खोडून समासात 'उजव्या कानात मोबाईलचा बोळा' लिहिलं. दुरुस्ती झाली की लेख पहिल्यापासून वाचायचा, हा आमचा नियम. वहिनींनी पुन्हा सुरुवात केली. सरांनी फोन ठेवला नव्हता, म्हणून मी तो दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला.

चारही पानं त्यांनी वाचली. लोक कुठं कुठं हसतात, ते मला पाठ होतं. त्या जागी वहिनी थांबल्या नाहीत, आणि फोनमधूनही काही आवाज आला नाही.