आवळीवरच्या खाजकुइलीचा सूड

मित्रांनो, मी खाजकुइलीची एक वेल आहे. नाव ऐकूनच अंग चोरलंत ना? चोरलंत ते बरं केलंत.

भिलाईहून जामुलकडे जाताना एक झाडी होती. पळस, चारोळी, बोरी आणि मधोमध एक म्हातारी आवळी. आषाढात मी जमिनीतून डोकं वर काढलं आणि आवळीच्या आधाराने चढत गेले. माझ्या बहिणी पळसावर चढल्या. आम्ही कुणाच्या अध्यात नव्हतो की मध्यात नव्हतो.

दर कार्तिकात भिलाईतलं एक मराठी मंडळ इथे आवळीभोजनाला यायचं. जेवायचे, आवळीला नमस्कार करायचे, निघून जायचे. असं आवळीनेच मला सांगितलं होतं. पण यंदा धनंजयराव मंडळाचे अध्यक्ष झाले. कारखान्यातून निवृत्त झालेले साहेब. त्यांना झाडी म्हणजे घाण वाटायची.

आश्विनात ते मजूर घेऊन आले. म्हणाले, "सगळं साफ करून टाका. आवळीभोवती पक्का पार बांधू, टाइल्स लावू."

कोयते चालले. पळस पडला, त्याच्यासोबत माझ्या बहिणीही पडल्या. भर फुलांत होत्या. ढीग करून त्यांना पेटवून दिलं. मग कोयता माझ्याकडे वळला, तेव्हा धनंजयरावांच्या पत्नी कमलिनीबाई म्हणाल्या, "हिले नोका तोडू न. काय जांभळे फुलं हाय! फोटोत मस्त दिसन."

म्हणजे शोभेसाठी मला जिवंत ठेवलं. मी राग गिळला आणि शेंगा धरल्या. थंडी सरली की मी वाळणार. मग माझं बी पडणार कुठे, टाइल्सवर? पार झाला असता तर माझं कूळ तिथेच बुडालं असतं. म्हणून शेंगांवरची तपकिरी लव मी डोळ्यांत तेल घालून जपली.

भोजनाचा दिवस आला. वाळू आणि सिमेंटची पोती येऊन पडली होती. जेवणं उरकली की नारळ फोडून काम सुरू होणार होतं. आवळीचं पान किंवा फळ ताटात पडलं की वर्ष चांगलं जातं, अशी या लोकांची समजूत. वरणभात निवत चालला तरी धनंजयरावांचं ताट कोरडंच.

"ओमप्रकाश, फांदी हालव बरं," ते शेजारच्या तरुणाला म्हणाले.

"काका, थांबा न. पडन आपोआप."

"आपोआप कधी पडन? हालव!"

फांदी हलली. आवळे पडले. त्यांच्यामागून माझी सगळी लव पडली, माना वर करून बसलेल्या पंगतीवर.

मित्रांनो, काय सांगू! धनंजयरावांनी आधी मान खाजवली, मग पाठ, मग चारचौघांत खाजवू नये तिथेही. पाणी ओतलं तर आग आणखी वाढली. म्हाताऱ्या सिंधुताई स्वतः खाजवत ओरडल्या, "पाणी नोका घेऊ, शेण चोळा शेण!" आणि झाडीला घाण म्हणणारे धनंजयराव गळ्यापर्यंत शेण माखून उभे राहिले. कमलिनीबाईंनी फोटो काढला नाही. छोटी गुंजनही रडली. तिचं मला वाईट वाटलं. थोडंसं.

"आत्ताच्या आत्ता हिले काढून फेका!" धनंजयराव मजुरांवर ओरडले.

छत्तीसगढी मजूर मला केंवाच म्हणतात. त्यांच्यातल्या हेमराजने हातातलं फावडं खाली ठेवलं. "केंवाच ला नइ छुवन, साहब," तो म्हणाला, आणि सगळे निघून गेले. पार झाला नाही. सिमेंटची पोती दवाने दगड झाली.

आता माझ्या शेंगा तडकल्या आहेत. बी मोकळ्या मातीवर, बहिणींच्या राखेत पडलं आहे. येत्या आषाढात माझ्या लेकी उगवतील, तेव्हा मी नसेन.

शेवटी झाडं जपा, वेली जपा असं सांगायची रीत आहे. मी तसं काही सांगणार नाही. खुशाल या कोयते घेऊन. मावश्यांचं काय झालं हे माझ्या लेकींना कुणी सांगावं लागणार नाही. त्या त्यांच्याच राखेतून वर येणार आहेत.