इंजिनखालची माती

माघात इंजिनघरातलं डिझेलचं पिंप कलंडलं आणि झुंबरबाईच्या विहिरीत अर्धं रिकामं झालं. साल दुष्काळाचं. विहिरीत उरलेलं जेमतेम पुरुषभर पाणी, त्यावर मोरपिसासारखी तेलाची झाक. भोरी म्हैस बादलीला नुसतं नाक लावी आणि बाईनंच ओतल्यासारखी तिच्याकडे बघे.

"चैत्रातल्या पयल्या शनवारपतुर बघतो," तिचा नवरा सहादेव म्हणाला. "न्हाईतर भोरी काष्टीच्या बाजारात इकायची. टँकरवर मानसं भागंनात, म्हशीला कुठलं?"

झुंबरबाईनं भाच्याला निरोप धाडला. मच्छिंद्र नगरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. तो आला, आणि विहीर राहिली बाजूला, इंजिनखालची तेल पिऊन काळी पडलेली माती हुंगत बसला.

"आत्या, ह्या मातीतले जंतू तेल खायला शिकलेत. ही माती विहिरीत टाक."

"आन् बुडून मेले तर?"

"मरू देत. त्याआधी विहिरीतल्या जंतूंना चिकटून आपलं कसब त्यांच्या अंगात सोडतील. पोटची पोरं नव्हेत, परकी. तरी देतात. आत्ता कुठं शास्त्रज्ञांना हे कळायला लागलंय."

"बाई गं! आमच्या जावा लोनच्याचं परमान सांगत न्हाईत."

रोज ओंजळभर माती, चिमूटभर युरिया, आणि हवा खेळावी म्हणून बादली खालीवर करत पाणी ढवळायचं. विरजण लावावं तसंच. फक्त विरजण लागलं का ते सकाळी कळतं, इथं सव्वा महिना गेला. मग एके दिवशी झाक फाटली. कडेला ताटाएवढं पाणी नितळ दिसलं. आठवड्यात ताटाची परात झाली. भोरीनं बादलीत तोंड घातलं, दोन घोट घेतले आणि शिंकली. शनिवारला नऊ दिवस होते.

एवढा आनंद एकटीनं कसा सोसायचा? टँकरच्या रांगेत झुंबरबाईनं सगळ्यांना सांगितलं, "माझी हीर बरी हुतीया!"

रांगेपाशी श्रीमंत नावाचा आरोग्यसेवक उभा होता. आसपास पटकीची साथ. भला माणूस; त्यानं तिची विहीर पिण्याच्या विहिरींच्या यादीत घातली. दुसऱ्या दिवशी ती टँकरला गेलेली असताना तो जंतुनाशक पावडर टाकून गेला. कठड्यावर खडूनं तारीखसुद्धा लिहिली.

वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "मावशी, तुमची हीर म्हनून दोन मापं जास्तच टाकली. आता एक जंतू जित्ता ऱ्हानार न्हाई."

झुंबरबाईला शिवी सुचेना. इतक्या मायेनं केलेल्या कामाला शिवी तरी कुठली द्यायची? "चा घेता का?" एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून नितळ परात वाढली नाही. शनिवारी सकाळी भोरीनं बादली हुंगली. डिझेल होतंच, वर पावडरीचा उग्र दर्प. तिनं मान फिरवली.

सहादेव चपला घालून उभा होता. "मला बी बरं वाटत न्हाई," तो म्हणाला. "दावं दे."

तिनं दिलं.

मग ती इंजिनघरात गेली आणि खुरप्यानं माती खरवडू लागली. आणखी सव्वा महिना लागणार हे तिला कळत होतं, आणि भोरी मोकळ्या खुंट्याकडे परत येणार नाही हेही. तरी ओंजळ विहिरीवर धरून ती म्हणाली, "शिकवा रं बाबांनो, पयल्यापासनं."

वाटेवरून भोरी हंबरली. झुंबरबाईनं वर पाहिलं नाही. ती बादली खालीवर करत राहिली.