उतर म्हटल्याशिवाय

मेस्त्रीनं दुचाकीखालून डोकं बाहेर काढलं आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "ताई, गाडीत काडीची खोट नाही. टायर नवा, शॉकअप नवे. तरी मागून दबलेलीच. कुणी ठाण मांडून बसल्यासारखी. माझी तर मती गुंग झालीय."

ताईंनी वाकून मागचं चाक पाहिलं. घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्ताचे नमुने गोळा करायचं त्यांचं काम. गल्लीतली पोरं त्यांना रक्तवाल्या मावशी म्हणत आणि दिसल्या की दंडावर हात ठेवून पळत सुटत. दुचाकीशिवाय त्यांचं पान हलत नसे. पण गेल्या तीन महिन्यांत त्या दोनदा पडल्या, दोन्ही वेळा वळणावर. त्या डावीकडे झुकल्या की गाडी मागून उजवीकडे ओढ घ्यायची. पहिल्यांदा नमुन्यांच्या बाटल्या फुटल्या, दुसऱ्यांदा गुडघा. परवा तर मागं ठकी होती. सहा वर्षांची लेक, ट्रकच्या चाकापासून वीतभर अंतरावर पडता पडता वाचली. सोमवारपासून तिची शाळा सुरू होणार होती. रोज मागं बसायचं होतं तिला.

"मी सांगतो ती तीनचाकी घ्या," मेस्त्री म्हणाला. "पुढं एक चाक, मागं दोन. झुकायची भानगड नाही, पडायची भीती नाही. मागं सीट म्हणजे सोफा!"

"लोक हसतील हो. बाई म्हातारी झाली म्हणतील."

"हसू दे. पडलात की तेच लोक बघत उभे राहतात ना?"

ताईंना हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. एक गोष्ट त्यांनी मेस्त्रीला सांगितली नव्हती. ती ओढ त्यांच्या ओळखीची होती.

त्यांचा नवरा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवायचा, पण गाडीवर बसला की भित्री भागूबाई. गाडी ताईच चालवायच्या. वळण आलं की तो डोळे मिटायचा, मान खांद्यात ओढून घ्यायचा आणि हटकून उलट्या बाजूला झुकायचा.

"अरे, गाडीबरोबर झुक!"

"दोघंही झुकलो तर सावरणार कोण?"

एकदा घाबरून गाडी थांबायच्या आधीच त्यानं खाली उडी टाकली आणि ताई गाडीसकट आडव्या झाल्या. तेव्हापासून घरात कायदा झाला होता: मी 'उतर' म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. मग तो शहाण्या मुलासारखा बसून राहायचा. कधीकधी ताई मुद्दाम कुलूप उघडून आत जायच्या, पाणी प्यायच्या. बाहेरून दबका आवाज यायचा, "उतरू का गं?"

तीन महिन्यांपूर्वी त्याच्या छातीत कळ आली तेव्हाही त्यांनीच त्याला मागं बसवलं, ओढणीनं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दवाखाना गाठला. दारातच दोघा वॉर्डबॉयनी त्याला उचलून आत नेलं. ताई मागोमाग धावल्या. परत आल्या त्या एकट्याच.

मेस्त्रीकडे उभ्या असलेल्या तीनचाकीवर त्यांनी चौकापर्यंत फेरी मारली. वळणावर गाडी जमिनीला चिकटून वळली. मागून ना ओझं, ना ओढ. इतकं मोकळं वाटलं की त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं.

"हीच घेते," परत येऊन त्या म्हणाल्या. "जुनी तुमच्याकडेच ठेवा."

"उद्याच खोलतो तिला. सुटे भाग विकले जातील." मेस्त्री कागद आणायला आत गेला. ठकी टायरच्या ढिगावर चढून खेळत होती.

ताई दुचाकीकडे वळल्या. उन्हात रिकामी उभी. सीटवर मागच्या बाजूला खळगा पडलेला, नुकतं कुणी बसावं तसा. आज शॉकअप नवे, तरी मागचं चाक मडगार्डच्या पत्र्याला टेकलेलं. दवाखान्याच्या दारात दोघांनी त्याला उचललं होतं. त्या धावल्या होत्या.

'उतर' म्हणायचं राहूनच गेलं होतं.

हा बिचारा इथं खोललेल्या गाड्यांच्या रांगेत बसून राहील. उद्या नटांना पाने लागतील, सीट निघेल, तरी बसून राहील. सांगितल्याशिवाय उतरायचा नाही.

त्यांनी सीटवर हात ठेवला. रेक्झिन उन्हानं तापायला हवं होतं. ते गार होतं.

"उतर रे," त्या हळूच म्हणाल्या. "आलं."

शॉकअप कण्हले. गाडीचं मागचं अंग बोटभर, मग चांगलं वीतभर वर आलं. खळगा सावकाश भरत गेला.

"अरेच्चा!" कागद घेऊन आलेला मेस्त्री म्हणाला. "झाली की बरी! न्यायची का मग हीच?"

ताईंनी दुचाकीकडे पाहिलं, मग ठकीकडे. "नको. ठरलं ते ठरलं."

त्यांनी ठकीला तीनचाकीच्या सोफ्यावर मधोमध बसवलं, पट्टा लावला. चौकात गाडी डावीकडे वळली. जराही कलली नाही. ताईंनी आरशात पाहिलं. ठकी सीटच्या एका टोकाला सरकली होती. डोळे मिटलेले, मान खांद्यात ओढलेली, आणि हटकून उजवीकडे झुकलेली.

"ठके, असं झुकायला कुणी शिकवलं गं तुला?"

"बाबा माझा हात धरून ओढतात ना," ठकी डोळे न उघडता म्हणाली. "मग मी पण तिकडेच जाते."

ताईंनी वेग कमी केला. पुढं अजून तीन वळणं होती. मग घर. आणि घरी पोचल्यावर 'उतर' म्हणायचं की नाही, ते ठरवायला तेवढाच रस्ता उरला होता.