सेनापतींच्या शालीचा धागा

मित्रांनो, या, माझ्याजवळ बसा. फक्त श्वास जरा जपून सोडा, माझ्या काचेवर लगेच वाफ धरते. मी या वाचनालयाच्या खिडकीशी ठेवलेला जुना सूक्ष्मदर्शक. पितळेची नळी, वर-खाली भिंगे आणि उजेड वर फेकणारा वाटोळा आरसा, एवढाच माझा संसार.

माझी भिंगे एका कारागिराने हाताने घासली. तो घासायचा, पुसायचा, डोळ्याला लावायचा आणि मान हलवून पुन्हा घासायला बसायचा. अखेर एके दिवशी त्याने माझ्यातून माशीचा पाय पाहिला आणि बायकोला हाक मारली, "अगं, लवकर ये! माशीच्या पायाला केस आहेत!"

तिने डोळा लावला आणि म्हणाली, "आणि हेच पाय घेऊन ती माझ्या दुधावर बसते होय?"

त्या दिवसापासून त्या घरातल्या दुधावर झाकण आले. माझ्यामुळे जगात झालेली ती पहिली सुधारणा!

तिथून मी इस्पितळात गेलो. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाई रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून माझ्याखाली सरकवत आणि बारीक चाक फिरवत बसत. तापाचे कारण सापडले की मला थोपटून म्हणत, "शाब्बास रे गड्या!" पुढे पडद्यावर चित्र दाखवणारे नवे यंत्र आले आणि माझा उपयोग कोणाची तरी टोपी अडकवण्यापुरता उरला. फार वाईट वाटे. पण निवृत्त होताना डॉक्टरबाईंनी मला मागून घेतले आणि इथे आणले.

इथे सुटीच्या दुपारी चौकस मंडळी जमतात. कोणी कांद्याचा पापुद्रा आणते, कोणी डबक्यातले पाणी. बसवरचे ड्रायव्हरकाका तर एकदा स्वतःच्या मिशीचा केस घेऊन आले. म्हणाले, "लोक म्हणतात मिशीला पीळ आहे. खरंच आहे का बघू!"

याच दालनात एका काचपेटीत एक विटकी शाल होती. पाटीवर लिहिले होते, 'सेनापतींनी रणांगणावर पांघरलेली रेशमी शाल.' ती ग्रंथपालांच्या आजोबांनी दिलेली. ग्रंथपाल एरवी मोजके बोलणारे, पण शालीपाशी आले की गडी खुलायचा. सेनापतींनी पुरात घोडा कसा घातला, हे ते खुर्चीवर बसून लगाम ओढत दाखवायचे.

एकदा पेटीची काच तडकली. ती बदलताना शालीचा एक धागा निसटला. ड्रायव्हरकाकांनी तो अलगद उचलला. "साहेब, सेनापतींचं रेशीम बघायचं का?"

"बघायचं म्हणजे काय! पहिला नंबर माझा!" ग्रंथपाल धावतच आले. डॉक्टरबाईंनी धागा उकलून काचपट्टीवर ठेवला. ग्रंथपालांनी डोळा लावला आणि आनंदाने ओरडले, "वा! एकेका तंतूला काय सुरेख पीळ आहे!"

"पीळ?" डॉक्टरबाई पुढे झाल्या. "बघू जरा."

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी आपल्या रेशमी रुमालाचा धागा माझ्याखाली ठेवला. तो काचेच्या कांडीसारखा सरळ, गुळगुळीत दिसला. ड्रायव्हरकाकांच्या सुती सदऱ्याचा धागा ठेवला. त्याचे तंतू पिळलेल्या फितीसारखे दिसले, अगदी शालीच्या धाग्यासारखे.

"शाल सुती आहे," त्या हळूच म्हणाल्या.

ग्रंथपालांचा चेहरा पडला. शालीच्या दुसऱ्या टोकाचा धागा पाहिला, तोही सुती. मला माझ्याच भिंगांचा राग आला. पण जे समोर आहे तेच मी दाखवणार, दुसरे मला येत नाही.

"कोणाला सांगू नका," ग्रंथपाल म्हणाले. "आजोबांचं नाव जाईल."

"वाचनालय तुमचं, आजोबा तुमचे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हीच ठरवा."

ग्रंथपालांनी पेटीवर चादर टाकली. कोणी विचारले की सांगत, शाल धुवायला दिली आहे. ही बातमी फिरत फिरत त्यांच्या आत्याच्या कानावर गेली. पुढच्याच सुटीला आत्या काठी आपटत दारात हजर!

"मला न विचारता बाबांची शाल धुवायला टाकलीस? कोणाकडे टाकलीस?"

ग्रंथपालांनी मान खाली घालून सगळे सांगितले. मीसुद्धा धास्तावलो होतो. आत्या मात्र खुदकन हसल्या.

"अरे, बाबांना गोष्ट रंगवायची भारी हौस. पाहुणे म्हणून जेवून आले की ताटात नसलेले दोन पदार्थ जास्त सांगायचे! मग ही शाल सेनापतींची नाही?"

"तसंही म्हणता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सुती आहे, एवढंच कळलंय. कोणाची, ते धागा सांगत नाही."

"मग कोणाची आहे ती?"

"ठाऊक नाही, आत्या," ग्रंथपाल पुटपुटले.

"मग तसंच लिही की. त्यात लाजायचं काय? आणि मला बघू दे. तिला रफू किती केलंय ते पाहिलंस का?"

चादर निघाली. त्या दुपारी सर्वांनी मिळून शालीचे एकेक रफू धुंडाळले. एका ठिकाणी लोकरीचा धागा होता. त्याच्यावर कौलांसारखे बारीक खवले दिसले. एका ठिकाणी सुती. आणि काठाजवळच्या लहानशा रफूचा धागा माझ्याखाली आला तेव्हा ग्रंथपाल खुर्चीवरून उडालेच.

"आत्या! रेशीम! हे खरं रेशीम आहे!"

साध्या सुती शालीला कोणीतरी रेशमाने सांधले होते. कोणी? एवढी कोणाची लाडकी होती ती? सगळे एकदमच बोलू लागले.

आता पेटीवर नवी पाटी आहे. 'सुती शाल. लोकर, कापूस आणि रेशमाने पुन्हा पुन्हा रफू केलेली. कोणाची होती, ठाऊक नाही.' पूर्वी लोक तिच्याकडे पाहून पुढे जायचे, आता थांबून वाद घालतात. ग्रंथपाल अजूनही पुरातल्या घोड्याची गोष्ट सांगतात, पण आधी बजावतात, "ही आजोबांची गोष्ट आहे हं!"

मित्रांनो, माझी भिंगे मऊ कापडानेच पुसा, काम झाले की मला टोपी नको, झाकण घाला. आणि काही आणायचे असेल तर खुशाल आणा. आत्या दर सुटीला येतात आणि पहिला नंबर आपला म्हणून भांडतात, तेव्हा जरा लवकर या.